नानांच्या गळ्यातला कान

नानांच्या गळ्यात माळ नव्हती, ताईत नव्हता, कान होता. जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधला ऐकायचा गोल तुकडा, त्याला दोन वायरी आणि वायरींच्या टोकांना चिमटे. जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कुणी बंद पडलेला कंट्रोलर आणून ठेवला की नाना मीटरला हात लावत नसत. चिमटे वायरींना लावायचे, तो गोल तुकडा कानाशी धरायचा, डोळे मिटायचे. एक यंत्र दुसऱ्याला काही सांगत असेल तर त्यातून बारीक किरकिर ऐकू येई. मग नाना आपल्या अहिराणी वळणानं निकाल देत, "बोलकं शे," म्हणजे बोलतंय, नाहीतर, "मुकं शे." तोवर गिऱ्हाईक ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखं बसलेलं असे.

आमचा धंदा केळीच्या पिकवणी केंद्रांचा. बंद खोलीत केळी पिकायला ठेवतात, तिथलं तापमान जरा इकडचं तिकडं झालं की माल गेला. म्हणून खोलीत एक छोटा बोर्ड बसवायचा, तोच कंट्रोलर. तो तापमान मोजतो आणि केबलवरून ऑफिसातल्या कॉम्प्युटरला कळवत राहतो. एका वेळी एकच अक्षर, एकामागून एक. नाना म्हणत, "अक्षरं रांगेत उभी राहतात बघा. रेशनच्या दुकानात एवढी शिस्त नाही."

हे बोलणं बिघडण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक तऱ्हेला नानांकडे उपमा तयार असे. बोलायची वायर समोरच्याच्या ऐकायच्या टोकाला जोडायची असते. नवीन माणूस हटकून बोलायच्या टोकाला बोलायचंच टोक जोडतो. नाना ते बघून म्हणत, "दोन विहिणी एकदम बोलायला लागल्या. ऐकणार कोण? उलटं कर." कधी दोन्हीकडचा वेग जुळत नसे, मग पडद्यावर चौकोन, उलटी अक्षरं, काहीबाही चिन्हं उमटत. चोपड्याचा एक व्यापारी ते पाहून उखडलाच. "नाना, मला देशी माल सांगितला आणि हे तर चिनी बोलतंय!" नानांनी वेग जुळवला, पडद्यावर स्वच्छ आकडे आले. तेव्हा गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घ्या, मराठी शिकवलं त्याला."

विनय हा गुण नानांना शिवलेला नव्हता. "रावेरपासून धुळ्यापर्यंत असा कान दुसरा नाही," असं ते स्वतःच सांगत, तेही चहा देणाऱ्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत कुणालाही. पण त्यांची एक गोष्ट मला कधीच जमली नाही. चूक शोधायची तर आधी आपल्यापासून सुरुवात करायची, कारण आपलीच चूक सगळ्यात जवळ असते, असं त्यांचं म्हणणं. आणि ती स्वतःची निघाली की त्यांना काय आनंद व्हायचा! टाळी वाजवून ओरडत, "गाढव सापडलं! मीच शे!" सगळं वर्कशॉप हसे, काम पुढे चालू.

मी त्यातला नव्हे. माझी चूक मला दिसली की मी ती गुपचूप दुरुस्त करायचो आणि कुणाला पत्ता लागू द्यायचो नाही. त्यामुळे माझ्या हातून चुका होत नाहीत असा लौकिक झाला. नाना मला मौनीबाबा म्हणत. मी बनवलेल्या केबली ते तपासतसुद्धा नसत. "सगळ्यांच्या वायरी बघा, मौनीबाबाच्या सोडून," असं नव्या माणसांना सांगत. मी मान खाली घालून वायरींना सोल्डरिंगचे डाग देत राहायचो.

रावेरच्या रऊफभाईंचं काम हे आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम. त्यांनी आधी एकाच खोलीचा कंट्रोलर घेतला होता. तो नीट चालला तरच बाकीच्या खोल्या आम्हाला मिळणार होत्या. बसवला त्या आठवड्यात उत्तम चालला. मग फोन आला की पडद्यावर मधूनच कचरा येतोय. आम्ही दोघं सकाळीच गेलो. आत खोलीभर केळी रचलेली, बाहेर रऊफभाई येरझाऱ्या घालताहेत.

नानांनी चिमटे लावले. "बोलकं शे." ऑफिसातल्या लॅपटॉपच्या पडद्यावरही आकडे ठीक. तेवढ्यात रऊफभाईंच्या मुनीमजींना मोबाईल चार्ज करायचा होता. त्यांनी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि पडद्यावर सगळी चिन्हंच चिन्हं उमटली.

त्या क्षणी मला कळलं.

केबलमध्ये तीन वायरी लागतात. एक बोलायची, एक ऐकायची आणि तिसरी ग्राउंडची. तिसरीवरून कुणी काही बोलत नाही, पण दोन्ही यंत्रांचं शून्य एकाच पातळीवर तीच ठेवते. ती नसली तर ऐकणाऱ्याला कशाचाच अर्थ लागत नाही. रऊफभाईंची केबल मी बनवली होती. काळ्या वायरीचं रीळ ऐन वेळी संपलं, म्हणून दोनच वायरी जोडल्या. म्हटलं, तिसरी उद्या टाकू. टेबलावर लावून पाहिलं तर छान चाललं, कारण लॅपटॉप चार्जरवर होता आणि अर्थिंगमधून आडवाटेनं ग्राउंड मिळत होतं. चालतंय म्हटल्यावर तिसरी वायर राहूनच गेली. वरून काळी नळी चढवली की आत दोन आहेत की तीन, कोण बघतो?

मी गप्प बसलो. नानांनी प्रोग्राम पाहिला, वेग पाहिला, बोर्ड बदलला, ओल आली असेल म्हणून डबा पुसून काढला. त्या वयात टेबलाखाली रांगत शिरले आणि उंदरानं काही कुरतडलंय का ते बॅटरी मारून बघून आले. चार्जर कुणी लावत होतं, कुणी काढत होतं. आकडे येत होते, जात होते. त्यांचा कान एकच सांगत होता, बोलकं शे. कारण दुसरा चिमटा ते बोर्डाच्याच ग्राउंडला लावत, त्यामुळे केबलमधली उणीव कानाला कळत नव्हती. माझी केबल मात्र त्यांनी उघडली नाही. मधे रऊफभाईंनी जेवायला बसवलं. नाना मला आग्रह करकरून वाढत होते, "खा रे, सकाळपासून तोंड उतरलंय तुझं." मी जेवलो.

दुपार कलली. रऊफभाई वाईट माणूस नव्हते, पण माल त्यांचा होता. ते हळूच म्हणाले, "नाना, गुस्सा करू नका. आता उमर झाली. धुळ्याला पोरीकडे जा, आराम करा. मी दुसरा कुणी बघतो."

मला वाटलं, नाना उसळतील. ते रिकाम्या क्रेटवर बसले. गळ्यातला कान काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "खरं शे, रऊफभाई," ते म्हणाले. "कान फसवायला लागला. रंजू कधीची बोलावते. जातो आता."

नाना कुणाचं इतक्या लवकर ऐकतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मला ते बघवेना.

"नाना, केबल माझी आहे," मी म्हणालो. "तिसरी वायर नाही तिच्यात."

"काय?"

"ग्राउंड नाही. वायर संपली होती. मग राहून गेली."

नाना क्रेटवरून उठले. "म्हणजे बोर्ड बोलकं होतं?"

"होतं."

"आणि माझा कान बरोबर होता?"

"बरोबर होता."

"रऊफभाई!" नानांनी अशी आरोळी ठोकली की हमाल आत धावले. "मी म्हातारा नही शे! हा गाढव शे!" आणि मला त्यांनी मिठीच मारली. रऊफभाई आधी गोंधळले, मग म्हणाले, "मुबारक हो. दोघांना." एक वायर बाहेरून जोडली आणि चार्जर काढला तरी आकडे हलले नाहीत. बाकीच्या खोल्या आम्हालाच मिळाल्या.

धुळ्याला जाणं मात्र राहिलं. पुढे कितीतरी वर्षं नाना रोज वर्कशॉपात येत राहिले आणि दर नव्या गिऱ्हाइकाला रावेरची गोष्ट ऐकवत राहिले. परवा-परवापर्यंत. एका रविवारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांची हत्यारं पोचवायला मी धुळ्याला रंजनाताईंकडे गेलो. त्यांनी गॅलरी दाखवली. काचा लावून बंद केलेली, भिंतीशी लांब टेबल, टेबलावर ओळीनं प्लग. नानांसाठी करून ठेवली होती. आता तिथे इस्त्रीचे कपडे होते.

"येतो येतो म्हणायचे," त्या म्हणाल्या. "मग तीच गोष्ट. मी म्हातारा नाही, तो गाढव आहे. तुम्हीच ना ते?"

"मीच." आणि मग जे नानांनाही कधी सांगितलं नव्हतं ते मी त्यांना सांगितलं, की मला सकाळीच कळलं होतं.

"म्हणजे दिवसभर गप्प होता? त्यांना टेबलाखाली रांगू दिलंत?"

"हो."

रंजनाताई खिडकीची काच पुसायला लागल्या. मग हसल्या. "एवढं थांबला होतात, तर आणखी एक दिवस थांबायचं ना, दादा. मी येऊन घेऊन गेले असते त्यांना."

आयुष्यात एकदा तरी वेळेवर बोललो, असं मी इतकी वर्षं समजत होतो.