पळत येईन म्हणाले होते

नवस बोलताना मी चुकले. लेकीची आई, नातीची आजी झालेली बाई, पण मागायची अक्कल नाही. माझी मनीषा नगरच्या दवाखान्यात बेशुद्ध पडली होती, डोक्याला मार लागून. मी जिन्याखाली पदर पसरला आणि आमच्या डोंगरावरच्या भैरोबाला म्हणाले, "देवा, पोरगी शुद्धीवर येऊ दे, मी पळत येईन तुझ्या पायाशी." बाजारात भाव पाडून घ्यायची सवय, वाटलं, थोडकं मागितलं की देव नाही म्हणणार नाही. देवानं मागितलं तेवढंच दिलं. मनीषा शुद्धीवर आली, माझ्या हातून चमचाभर चहा प्याली, "आई, पिंकीची वेणी घट्ट घालत जा" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी गेली. 'जगू दे' हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

त्यानंतर देवाकडे पाठ फिरवून बसले. दिवासुद्धा लावला नाही. एक दिवस शेजारची कौसाबाई निवडणं निवडता निवडता हळूच म्हणाली, "तुझा राग मला कळतोय गं. पन बोललेला नवस ऱ्हायला तर लेकरावर येतो म्हनत्यात." लेकरू म्हणजे पिंकी, मनीषामागं माझ्यापाशी राहिलेली तिची लेक. मला घाम फुटला. बरं, चालत जाऊन भागलं असतं तर काय हवं होतं! आमच्याकडच्या बायका पायी येईन म्हणतात, अनवाणी येईन म्हणतात. पळत येईन म्हणणारी मीच एक शहाणी. एका शब्दानं लेक गेली होती. दुसऱ्या शब्दाशी खेळायची हिंमत नव्हती.

तर मी पळायला लागले. काय ते ध्यान! साडीचा काष्टा मारलेला, पायात मनीषाचे कॅनव्हासचे बूट, पुढं कापूस कोंबलेले. पाण्याच्या टाकीपासून शाळेच्या भिंतीपर्यंत गेले की छातीचा भाता व्हायचा. कुत्री मागं लागली तर काय तो वेग. पण खरा घात केला माणसांनी. खेड्यात पोक्त बाई पळताना दिसली की लोकांना एकच सुचतं. दूध घालायला निघालेला गडी गाडी थांबवायचा, "काकू, काय झालं? कोन गेलं?" कांद्याच्या टेम्पोतून आवाज, "कोन गेलं?" विहिरीवरून हाक, "कोन गेलं वं?" मान खाली घालून घरी यायचे आणि बूट खाटेखाली ढकलायचे, ते आठ-आठ दिवस तिथंच. मग पिंकीला नुसती शिंक आली तरी पुन्हा बाहेर काढायचे. असा माझा नेम. भीतीनं निघायचं, लाजेनं परतायचं. भक्ती त्यात मोहरीएवढीही नव्हती.

हरभरा घाट्यावर आला होता तेव्हा पिंकीला ताप भरला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तरी उतरेना. तिला कौसाबाईपाशी ठेवलं आणि सकाळीच निघाले, आज पोचायचंच म्हणून. डोंगराच्या पायथ्याला खडीवरून घसरले. दोन्ही गुडघे फुटले. तिथंच बसून भैरोबाला अशा शिव्या घातल्या की लिहायची सोय नाही.

मेंढरं घेऊन चाललेली एक धनगरीण थांबली. तिनं बाटलीतलं पाणी पाजलं, गुडघ्यात रुतलेले खडे काढले, आणि तिनंही तेच विचारलं, "कोन गेलं, मावशे?"

"माझी लेक गेली," मी म्हणाले.

इतक्या महिन्यांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात सगळ्यांना ठाऊक, मग सांगायचं कुणाला? त्या दिवशी अशी रडले की तिची मेंढरं बिचकून पांगली. ती देवी होती असं मी म्हणत नाही. तिची मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती आणि मालक बांधावरून तिच्या सात पिढ्या काढत होता. देवानं पाठवलेलं माणूस असंही येत असेल. तिनं बगलेत हात घालून मला उभं केलं, जाता जाता काहीतरी बोलली आणि मालकाला तसंच उत्तर देत मेंढरांमागं गेली.

मी वर पोचले. थोडं पळायचं, झाडाला धरून उभं राहायचं, पुन्हा पळायचं. देवापुढं भांडायचं ठरवून आले होते. पायरीवर डोकं टेकलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "आता तुझं तू बघ." घरी आले तर पिंकी कौसाबाईची भाकरी दुधात कुस्करून खात होती. ताप इंजेक्शननं उतरला की भैरोबानं उतरवला, हे मी विचारायला गेले नाही. हात जोडले. मनीषाची जागा रिकामी ती रिकामीच आहे.

नवस फिटला, तरी मी अजून पळते. मनीषाचे बूट दोनदा शिवून घेतले. कुणी विचारलं तर आता सांगते, कोण गेलं ते. चढावर छाती भरून येते, घरी फिरावंसं वाटतं, तेव्हा त्या धनगरणीनं जाता जाता म्हटलेलं मी मोठ्यानं म्हणते:

"गेली ती आता कुटं जायची न्हाई, मावशे. दम खात पळ."