बडीमायचा टच फोन

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मोबाईलचं मला वेड आहे. शाळा आठवीत सुटली, इंग्रजी धड वाचता येत नाही. पण कोणत्या फोनात कोणता प्रोसेसर, कोणाची बॅटरी फुगते, कोणाचा कॅमेरा नुसता दिखाव्याचा — विचारा. चाकणजवळ एका गोदामात माल उतरवतो मी. जेवणाच्या सुट्टीत पोरं गप्पा मारतात, मी नव्या फोनांचे व्हिडिओ बघतो. आमच्या गावात, सोनाळ्यात, कुणाला फोन घ्यायचा झाला की मला विचारतात. तेवढाच काय तो मान.

बडीमायचा फोनही मीच निवडला. बडीमाय म्हणजे माझी मोठी काकू. माय गेल्यावर तिनंच वाढवलं मला — तिच्या संदीपच्या आणि माझ्या ताटात तिनं कधी फरक केला नाही. तिला अक्षरओळख नाही. तिच्या बटणाच्या फोनवर मी दोनच्या बटणाला लाल टिकली चिकटवून दिली होती, तीनच्या बटणाला हिरवी. लाल दाबून धरली की नांदुऱ्याला संदीपभाऊ. हिरवी दाबून धरली की मी. मजेत चाललं होतं तिचं.

मग तो फोन चार्जच होईना. भाऊनं पैसे माझ्याकडे पाठवले — "तुलेच समजते त्यातलं, चांगला पाहून घे." आणि बडीमाय म्हणाली, "मले तसाच आनजो बाप्पा. टिकल्या लावता येते असा."

मी टचचा नेला.

आता व्हिडिओवर नातवंडं दिसतील, असं सगळ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण — तेवढंच होतं का? नाही. तो फोन मला हवा होता. मला परवडत नव्हता. तिला तो जमणार नाही, हे दुकानात उभा होतो तेव्हाच मला ठाऊक होतं. कंटाळेल, दिवाळीला म्हणेल, ने बाबा हे तुझं. मग तिला बटणाचा घेऊन देऊ, आणि हा माझ्याकडे. असं ठरवून घेतला मी तो. तिच्या न जमण्यावर भिस्त ठेवून.

काचेवरचा कागद मीच सोलला. कापूस वेचून तिची बोटं भेगाळलेली, काच त्यांना दाद देईना. ती हसली. "याले माहं बोटच ओळखू येत नाही बे!" मीही हसलो. सुट्टी संपली, चाकणला परत आलो.

महिना व्हायच्या आत एका रात्री ती न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. फोन कमरेच्या पिशवीत होता, तिनं तो काढून हातात घेतलाही. ओल्या बोटांनी तो उघडलाच नाही. सकाळी शेजारच्या अमिनाबीनं कण्हणं ऐकलं, तोवर ती तिथंच पडून होती.

नांदुऱ्याच्या दवाखान्यात भाऊ माझ्यावर धावून आला. "काऊन बे, तिले असा फोन काऊन घेतला?"

मी म्हणालो, "तिलेच पाह्यजे होता."

किती पटकन निघालं ते तोंडातून. भाऊनं तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं. मग म्हणाली, "हाव. मीच म्हटलं होतं. समद्या बायांपाशी हाये."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं ना? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. काही वाटलंच नाही. अजूनही फारसं वाटत नाही, हे तेवढं विचित्र आहे.

निघताना तिनं उशीखालून फोन काढून दिला. "ने. तुले आवडते ना."

तिला कधीपासून कळलं होतं, मी विचारलं नाही. फोन घेतला.

ती आता नांदुऱ्याला भाऊकडेच असते, वॉकर धरून चालते. घरी पाहुणे आले की भाऊ तिच्याकडं बोट दाखवून म्हणतो, "आमच्या मायले टच फोनचा शौक! शौकापायी तंगडी मोडून घेतली बुढीनं." सगळे हसतात, ती पदर तोंडाला लावते.

गेल्या दिवाळीत मीही तिथंच बसलो होतो. मीही हसलो.