सैल पट्ट्याचं गाणं

परवा भाचीच्या हळदीत डीजेने नव्वदीच्या सुरुवातीचं एक इंग्रजी डान्सचं गाणं लावलं, आणि मी, शैला, शुभा अशा सांगलीतल्या एका कॉलनीत वाढलेल्या तिघी आपोआप उठलो. गिरकी आठवली, हातही बरोबर वर गेले. पण प्रत्येक ठेक्याला आम्ही मागे पडत होतो. तिघीही सारख्याच.

"मावशी, गुडघे सांभाळा," भाची म्हणाली.

गुडघ्यांचा काही संबंध नव्हता. क्लब आम्ही कधी पाहिला नव्हता. हे गाणं शैलाच्या गच्चीवर, तिच्या घरच्या टेपवर शिकलो. त्या टेपचा रबरी पट्टा सैल होता, त्यामुळे गाणं रेंगाळत, जड आवाजात वाजायचं. गाणारा पुरुष आहे असंच आम्ही समजत होतो. परवा कळलं, बाई आहे.

माणूस ज्या वेगाने पहिल्यांदा मनसोक्त नाचतो, तोच वेग अंगात राहत असावा. नंतरचं सगळं मग उगीच घाईतलं वाटतं.

शैलाने सरळ डीजेला गाठलं. "अहो, हे जरा हळू होईल का?"

त्याने केलं. बाईचा पुन्हा पुरुष झाला, आमची पावलं ठेक्यावर आली, आणि भाचीची चुकायला लागली.