गाडी नीट हाय

दिंद्रुडच्या तानाजी उस्तादांनी अडतीस वर्षं काळीपिवळी जीप चालवली. दिंद्रुड ते परळी, परळी ते दिंद्रुड. सवारी भरायला उभे राहिले की असा काही आवाज लावायचे, की बाजारात बांधलेल्या शेळ्यासुद्धा माना वर करायच्या. "परळी, परळी, परळीऽऽ!" आणि गाडीच्या बाबतीत माणूस भलता हट्टी. मागचा साधा बल्ब लागत नसला तरी भरलेली जीप रिकामी करायचे.

"उतरा. गाडीत खोट हाय."

"उस्ताद, बल्बावर चालती का गाडी?" लोक चिडायचे.

"गाडी डिझेलवर चालती. तुमी माझ्या भरवशावर बसताव. उतरा!"

अशा माणसाच्या उजव्या अंगावरून यंदा आखाडात वारं गेलं. हात गेला, पाय ओढू लागला आणि बोलणं तर पारच गेलं. सगळे शब्द गेले, एकच मागे राहिला. तहान लागली, परळी. पाठ खाजली, परळी. दारात कुणी आलं, परळी.

त्यांची बायको विमलबाई. तिला मात्र प्रत्येक परळी वेगळी ऐकू यायची. लांबवलेली म्हणजे भूक. तोडलेली म्हणजे राग. आणि श्वासातल्या श्वासात, हळूच म्हटलेली म्हणजे 'बस जरा इथं.' गल्लीतली छबुबाई चेष्टा करायची, "काय विमलबाई, आज किती डाव परळीला जाऊन आलीस?"

"धा डाव गेलते," विमलबाई म्हणायच्या, "तिकीट न काढता."

मुलगा बजरंग पुण्याला नोकरीला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज व्यायाम करून घेतला तर हात पुन्हा चालेल. आणखी उशीर केला तर तो कायमचा गेला समजा. म्हणजे सहा महिने तरी पुण्यात राहायला हवं. आणि विमलबाईंनी सोबत जावं तर घरात सासू, रुक्मिणीबाई, नव्वदी उलटलेली, खाटेला खिळलेली. कूस बदलायलाही माणूस लागायचं. तिला बजरंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी कुठं नेणार? मग ठरलं. उस्तादांनी जायचं, विमलबाईंनी राहायचं. उस्तादांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर एकच येणार होतं.

निघायच्या सकाळी बजरंगनं गाडी मागे घेत दाराशी लावली. ओट्यावर काठी धरून बसलेले उस्ताद एकदम ताठ झाले. डाव्या हातानं काठी उचलून त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूला रोखली.

"परळी!" तोडून म्हणाले.

विमलबाई उठून मागे गेल्या. "बजरंग, ब्रेक दाब रं." एक दिवा लागला, दुसरा नाही.

"माय, पोरखेळ हाय का? तीनशे किलोमीटर जायचंय. बीडात बघू की."

"तुझे दादा असल्या गाडीत बसत नसतेत. तुला म्हाईत हाय."

कोपऱ्यावरचा बंकट मिस्त्री बोलावला. तो उस्तादांच्या हाताखाली पान्हे धरून शिकलेला. बल्ब काढला, जागेवरचा गंज खरवडला, नवा बसवला. दहा मिनिटांचं काम. बंकटनं हात जोडले. "उस्ताद, नजर अजून शाबूत हाय बरं का! पोलिसाला दिसलं नसतं."

उस्ताद हसले नाहीत. काठी पुढच्या चाकाकडे वळली. "परळी."

बंकटनं हवा तपासली. बरोबर होती. काठी बॉनेटवर आली. पट्टा, पाणी, तेल, सगळं पाहिलं. काठी गाडीच्या पोटाखाली गेली. बंकट पाठीवर आडवा होऊन आत शिरला आणि शर्टाला माती घेऊन बाहेर आला. "कोरडं हाय, उस्ताद. थेंब न्हाई कुठं."

"परळी!"

"दादा, कावून खोड्या काढायलाव?" बजरंगचा आवाज चढला. "उद्या सकाळी डॉक्टरनं वेळ दिलाय!"

विमलबाई मघापासून गाडीकडे पाहत होत्या. आता त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काठी आता स्टिअरिंगवरच्या हॉर्नकडे रोखलेली होती, पण डोळे गाडीवर नव्हतेच. ते विमलबाईंवर होते. अडतीस वर्षांत या माणसानं चांगल्या गाडीत कधी खोट काढली नव्हती. आज काढत होता. एकामागून एक. आणि त्याला वाटत होतं, आपली बायको एवढं तर ओळखेलच.

तिनं ओळखलं. बाकी कुणी ओळखलं नाही, ते बरंच झालं.

एक क्षण त्यांना वाटलं, म्हणावं, हॉर्न वाजत न्हाई, आज ऱ्हाऊ द्या. बजरंग चिडला असता, पण थांबला असता. मग त्यांची नजर उस्तादांच्या उजव्या हाताकडे गेली. तो मांडीवर पडून होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

विमलबाईंनी बंकटच्या हातातून पान्हा घेतला. पदर खोचला. उस्ताद करायचे तशी गाडीभोवती एक फेरी मारली, चारी चाकांवर पान्ह्याचा एकेक ठोका दिला, कान देऊन ऐकलं. बंकट बघतच राहिला. मग त्या ओट्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गाडी नीट हाय," त्या म्हणाल्या. "म्या बघितली. बसा."

उस्ताद त्यांच्याकडे पाहत राहिले. परळी म्हणाले नाहीत. मग त्यांनी काठी खाली टेकली आणि उठायला डावा हात पुढे केला. तो विमलबाईंनी धरला नाही, बजरंगनं धरला. विमलबाईंनी धरला असता तर त्यांच्याच्यानं सोडवला नसता.

दार लागलं. गाडी वळणावर हळू झाली तेव्हा मागचे दोन्ही दिवे लाल, लख्ख लागले.

विमलबाई आत आल्या. रुक्मिणीबाई जाग्याच होत्या.

"गेला का गं तान्या?"

"गेले, आत्याबाई."

"एवढा टाइम कावून लागला?"

"बल्ब गेलता."

"अन् मंग बसला? मला वाटलं, बसत न्हाई आज."

विमलबाईंनी त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि हळूच त्यांची कूस बदलली. "म्या बसवलं," त्या म्हणाल्या.

"बेस केलंस." म्हातारीनं डोळे मिटले. "तुझं ऐकतो. माझं न्हाई ऐकलं कधी त्यानं."

विमलबाई खाटेच्या कडेला, जमिनीवरच बसल्या. म्हातारीचं अंग पुसायला फडकं पाण्यात बुडवून पिळलं. किती तरी वेळ पिळतच राहिल्या.