पाहुण्यांना पुरणपोळी

आमच्या चळवळ्या घरी भांडणंसुद्धा पत्रकं काढून व्हायची. त्यामुळे इंग्लंडमधल्या आमच्या साउथहॅम्प्टन बंदरात विद्यापीठांची बास्केटबॉल स्पर्धा भरली, तेव्हा मी पत्रक काढलं: 'हे शहर म्हणजे फक्त क्रूझला चढायचा धक्का नव्हे!' बाहेरच्यांनी आमच्या शहराला नावं ठेवलेली मला खपणार नव्हती.

उत्तरेकडच्या संघातल्या दोन मुली आमच्याकडे उतरल्या. मॅचच्या दिवशी जेवताना मी त्यांना गोदी कामगारांच्या लढ्याबद्दल तावातावाने सांगत होते आणि आई पुरणपोळ्या वाढत होती.

"नो, थँक यू," उंच मुलगी म्हणाली. आईच्या लेखी पहिला नकार हा नकारच नसतो.

"लाजतेस काय? घे!"

"आई, दुपारी मॅच आहे त्यांची!"

"मग उपाशी खेळू दे?"

नाही म्हणणं उद्धटपणाचं ठरेल, या भीतीने दोघी खातच राहिल्या. दुपारी त्यांना धावताच येईना. त्या सपाटून हरल्या. आता शहराची बदनामी होणार, म्हणून मी धास्तावले.

निघताना उंच मुलीने आईला मिठी मारली. "मी सगळ्यांना सांगणार, साउथहॅम्प्टनला जरूर जा," ती म्हणाली, "पण आधी मॅच खेळा, मग जेवा!"