वाळवीवरचा काढा आणि सुनेचे मोदक

आमच्या घरी दर गणपतीत एक गोष्ट सांगितली जाते: सुनेने पहिल्यांदा मोदक केले आणि ते कडू झाले. ती नागपूरकडची, तिला उकड काय कळणार, असा निकाल माझ्या बायकोने दिला आणि मुलुंडपासून मालवणपर्यंतच्या नातेवाइकांनी तो मान्य केला. निकाल चुकीचा होता. मोदक मी कडू केले होते.

त्या वर्षी गणपती तोंडावर आले असताना मी माळ्यावरून पाट काढला. वडील गिरणीत होते तेव्हा त्यांनी गावाहून आणलेला हा आंब्याच्या लाकडाचा पाट. आमचा गणपती त्याच्यावरच बसतो. उलटा केला तर खाली मातीच्या बारीक रेघा. नखाने खरवडल्या तर आत वाळवीची धावपळ.

"औषधवाल्याला बोलवा," बायको म्हणाली.

"देवाच्या पाटावर विषारी फवारा? खाली गेटपाशी एवढा कडुलिंब उभा आहे."

"करा काय ते. माझ्या ओट्यावर पसारा नको."

सासू-सून बाजारात गेल्या आणि मी ओट्यावर पसारा मांडला. कडुलिंबाचा पाला जुन्या पातेल्यात उकळला. गाळताना चहाची गाळणी तुंबली. फळीवर मोदकपात्र होतं आणि त्यात मलमलचं पांढरं फडकं घडी करून ठेवलेलं. काढा झकास गाळला गेला. मग त्यात कडुलिंबाचं तेल आणि ते पाण्यात मिसळावं म्हणून थोडा साबण. गाठी राहिल्या, म्हणून तेही त्याच फडक्यातून गाळलं. पाटाला ब्रशने दोन हात दिले आणि पाट खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हाला ठेवला. फडकं धुतलं, वाळवलं, पुन्हा घडी करून जागेवर ठेवलं. हिरवट छटा राहिली होती. हळदीच्या पानाची म्हणून ती खपून गेली.

वाळवी पुन्हा आली नाही. त्याच सुमारास माळ्यावरचा गळका पाइपही दुरुस्त झाला होता, तेव्हा सगळं श्रेय काढ्याला देत नाही.

गणपतीच्या दिवशी सुनेने मोदकांच्या कळ्या सुरेख पाडल्या आणि त्याच फडक्यावर मोदक वाफवले. पहिला घास माझ्या मेहुण्याने घेतला.

"काय गं, सारणात कारलं किसलंस की काय?"

सगळी पंगत हसली. मी माझा मोदक चाखला. बुडाशी कडू. मला तत्क्षणी कळलं. खरं सांगायचं सोडून मी "छान झालेत, छान झालेत" म्हणत पाच मोदक खाल्ले. पंगत म्हणाली, सासरा असावा तर असा. हे कौतुक मी इतकी वर्षं पचवलं. मोदक पचवणं त्यापेक्षा सोपं होतं.

तेव्हापासून सुनेकडे फक्त नारळ खवायचं काम.

यंदा बायकोची मनगटं आखडली, मोदक वळवेनात. "या वेळी विकतचे आणू," ती म्हणाली, "हिच्या हातचे नकोत." सून हसली, पण खवणीचा आवाज थांबला. मग मात्र मला राहवलं नाही.

"ते हिने कडू केले नव्हते. वाळवीचा काढा मी मोदकाच्या फडक्यातून गाळला होता."

"अहो, नैवेद्याच्या फडक्यातून?"

"नंतर स्वच्छ धुतलं ना. काढ्यातला साबणसुद्धा निघून गेला."

"म्हणजे साबणही होता!"

सून माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तेव्हा मी माझ्या आईशी भांडले होते. म्हटलं, मला धड काही शिकवलंच नाहीस."

"चूक माझीच," मी म्हणालो.

"आधी मामांना फोन लावा," ती म्हणाली. "स्पीकरवर."

लावला. सगळं पुन्हा सांगितलं. पलीकडे मेहुणा खोकेपर्यंत हसला. "भावजी, पाच खाल्लेत ना? मग तुम्हाला आता वाळवी लागायची नाही!" मग जरा थांबून म्हणाला, "सूनबाई, मी उगाच बोललो गं तेव्हा." त्यानंतर सुनेने आईला फोन लावला आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

यंदाचे मोदक तिने केले. नवीन फडकं आणलं आणि जुनं माझ्या हातात ठेवलं. "हे तुमचं."

नैवेद्य झाल्यावर पहिला मोदक तिने सासूला वाढला. बायकोने तो उलटा करून बूड पाहिलं, वास घेतला, मग खाल्ला. दुसऱ्यासाठी ताट पुढे केलं.