मेडशीचे मांडे

मालेगावला (नाशिकचं नव्हे, वाशिमचं, हे मला घरी तीनदा सांगावं लागलं) पुण्याहून येणारी बस सोडून आम्ही मेडशीची एसटी पकडली, तेव्हा सकाळीच खिडकीच्या तापलेल्या गजाला हात लावायची सोय नव्हती. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी वावरं (शेतं) पसरली होती. सोयाबीन पेरायला अजून अवकाश होता. मी साताऱ्याकडची, मला इतकं सपाट आणि इतकं मोकळं बघायची सवय नाही. मला ते फार आवडलं.

शेजारी ज्योती बसली होती. आम्ही एकाच शाळेत शिकवतो. एरवी हिच्या तोंडाला कुलूप घालावं लागतं, पण मालेगाव सोडल्यापासून बाई गप्प.

"काय गं, गाडी लागली का?"

"नाही. आई गेल्यानंतरचा हा पहिला उन्हाळा. आईबरोबर माहेरही गेलं का, ते आज कळेल."

दर मे महिन्यात ज्योती आणि तिची बालमैत्रीण शबाना मेडशीच्या घरी आमरस आणि पुरणाचे मांडे खायला जमतात. स्टाफरूममध्ये त्याची वर्णनं ऐकून माझे कान किटले होते आणि तोंडाला पाणीही सुटलं होतं, म्हणून यंदा मी स्वतःलाच आमंत्रण दिलं. पण मांडे करायची ती आई. आता घर वहिनींचं. "येऊ का?" असं ज्योतीनं फोनवर विचारलं होतं आणि वहिनींना त्रास नको म्हणून पुण्याहून तयार पुरणपोळ्यांचा खोका घेतला होता. तो माझ्या मांडीवर होता.

वहिनी दारातच उभ्या होत्या. उंच, सडपातळ, डोक्यावर पदर. पाय धुवायला पाणी दिलं, कैरीचं पन्हं दिलं आणि मग त्यांची नजर खोक्यावर गेली.

"हे काय आनलं व?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून पोळ्या..." ज्योती पुटपुटली.

वहिनी अगदी हळू म्हणाल्या, "माह्या घरची चूल इझली का, जोती? पह्यले फोनवर इचारते येऊ का म्हनून, अन् आता हे."

खोका उचलून त्यांनी शेजारी वाटायला धाडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण त्या पोळ्या निवडल्या होत्या मीच. ज्योतीचा चेहरा तर पाहवत नव्हता.

तेवढ्यात शेलूबाजारहून मिळालेल्या जीपनं शबाना आली. ती मंगरूळपीरला असते. पिशवीभर गावरान आंबे खाली ठेवत म्हणाली, "काय व, मयत झाल्यासारख्या काऊन बसल्या तुमी? रस काढा!" हिच्या जिभेला हाड नाही, आणि त्या दिवशी देवानंच तिला पाठवलं असं मला वाटलं.

परसात चुलीवर रांधण (पालथं घातलेलं मातीचं मडकं) तापत होतं. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर फिरवत, कोपरापर्यंत झेलत वाढवतात आणि मग अलगद रांधणावर टाकतात. इतकी वर्षं आई मांडे फिरवायच्या आणि वहिनी जाळ घालायच्या. जाळाचा अंदाज त्यांना पक्का होता. मांड्याला हात मात्र आज पहिल्यांदाच लागत होता.

पहिला मांडा मधोमध फाटला. ज्योती मदतीला उठली.

"बस तिथंच," वहिनी म्हणाल्या. "माहेरवाशिनीनं चुलीपाशी यायचं नसते."

दुसरा कोपरालाच चिकटला. तिसरा रांधणावर पडला खरा, पण सगळा भोकाभोकांचा.

शबानानं तो उचलून उजेडात धरला. "भाभी, हा मांडा हाय का मच्छरदानी?"

वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावून खाली बसल्या. "खाय मुकाट्यानं. फाटला तरी पुरनाचाच हाय."

काय सांगू त्याची चव! कडेला खरपूस, मधे मऊ, आणि आंबटगोड रायवळ आंब्याच्या रसात बुडवला की जिभेवर राहतच नाही. सोबत तळलेल्या कुरडया आणि पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा. त्या झणझणीत रश्शानं माझ्या नाकातून पाणी आलं, तरी मी दोनदा वाढून घेतला.

"आईसारखा नाही झाला ना?" वहिनींनी ज्योतीला विचारलं.

ज्योतीनं भरल्या तोंडानं नाही म्हणून मान हलवली आणि ताट पुढे केलं. "अजून एक वाढा."

परतताना वहिनी स्टँडवर आल्या. ओटी भरून झाली, एसटी लागली, तरी ज्योतीचा पाय निघेना. वहिनींनी तिच्या हातावर हात ठेवला.

"मले मांडे शिकायले अजून लय सालं लागतीन, जोती. तवरी दर उन्हाळ्यात येत जाय."

मालेगाव येईपर्यंत ज्योती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मीही तिला रडू दिलं. मायेची माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण माया इतक्या शहाणपणानं करणारी बाई मी मेडशीत पाहिली. वहिनींचा हात इतक्यात बसू नये, एवढंच माझं मागणं आहे.